टूल बदललं की सगळं पहिल्यापासून!

सर्किट बोर्ड डिझाइनचं सॉफ्टवेअर बदलायचं म्हटलं की डोकंच फिरतं. जुनं डिझाइन नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणायला इम्पोर्टचं बटण असतं, पण येतं काय? ट्रॅक (तांब्याच्या वाटा) येतात, नेटची, म्हणजे जोडण्यांची, नावं येतात, डिझाइन रूल (रुंदी-अंतराचे नियम) मात्र वाटेत गळतात. कॉपर पोअर, म्हणजे मोकळ्या जागेतला तांब्याचा थर, नव्याने भरला की थर्मल रिलीफ (सोल्डर करायच्या पॅडला त्या थराशी जोडणाऱ्या बारीक पट्ट्या) बदललेले, ग्राउंडचा एखादा तुकडा सुटा पडलेला. डीआरसी, म्हणजे डिझाइन रूलची आपोआप तपासणी, चालवली की चुकांची ही मोठी यादी! त्यातल्या खऱ्या किती आणि रूपांतरात घुसलेल्या किती, हे एकेक उघडून बघत बसायचं.

लायब्ररीचं, म्हणजे साठवून ठेवलेल्या पार्टच्या आकृत्यांचं, तर विचारूच नका. ट्रान्झिस्टरच्या सिम्बॉलवर (सर्किटच्या आकृतीतल्या चिन्हावर) पिना बी, सी, ई (बेस, कलेक्टर, एमिटर) आणि फुटप्रिंटवर, म्हणजे बोर्डवरच्या पॅडच्या मांडणीवर, पॅड १, २, ३. ही जोडणी एका जागी उलटली तरी डीआरसी गप्प, आणि हातात येतो तो मेलेला बोर्ड.

गर्बर फाइल, म्हणजे बोर्ड बनवायला पाठवायची फाइल, कुठलाही बोर्ड कारखाना घेतो, कारण त्या फॉरमॅटचं स्पेसिफिकेशन सगळ्यांना खुलं आहे. मग स्किमॅटिक (सर्किटची आकृती) आणि लायब्ररीचं घोडं कुठे अडतं? शॉर्टकट नवे शिकू, त्याचं काही नाही. पण एकदा तपासलेला फुटप्रिंट पुन्हा पार्टची डेटाशीट (कंपनीचा माहितीपत्रक) उघडून मोजायला का लावता?