“इन्शुरन्स नसेल तर अमेरिकेत ईआरमध्ये (हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात) घेतच नाहीत” हे साफ चुकीचं आहे

मुलांकडे अमेरिकेला येणाऱ्या आईबाबांच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतंय. इन्शुरन्स नसेल तर हॉस्पिटल दारातूनच परत पाठवतं, त्यामुळे छातीत दुखलं तरी आधी इन्शुरन्स कंपनीची परवानगी घ्या, व्हिजिटर व्हिसावाल्यांना कायदा लागू नाही आणि आत घेतलंच तरी लगेच दुसरीकडे हलवतात, असं त्यात आहे. हे वाचून कुणाची आई फोन कानाला लावून घरीच बसून राहिली तर, या विचाराने मला झोप लागेना, म्हणून एकेक मुद्दा घेते.

“दारातून परत पाठवतात.” नाही पाठवू शकत. १९८६ पासून तिथे एमटाला नावाचा कायदा आहे. तो आलाच यासाठी की खाजगी हॉस्पिटलं पैसे नसलेल्या पेशंटना, अगदी कळा सुरू झालेल्या बायकांनासुद्धा, सरकारी हॉस्पिटलांकडे ढकलत होती, शिकागोच्या कुक काउंटी हॉस्पिटलमध्ये असे किती पेशंट येऊन पडायचे. आता मेडिकेअरचे, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचे, पैसे घेणाऱ्या आणि इमर्जन्सी विभाग असलेल्या प्रत्येक हॉस्पिटलला, म्हणजे जवळपास सगळ्यांनाच, येईल त्या माणसाला नीट तपासावंच लागतं. आणि तपासणी म्हणजे नर्सने बीपी बघून नंबर लावला एवढंच नाही हं, जिवाला धोका आहे का हे कळण्यासाठी ईसीजी, रक्त, स्कॅन जे लागेल ते, म्हणजे इतर पेशंटचं जे करतात तेच तुमचंही.

“आधी कंपनीची परवानगी.” हा सगळ्यात घातक मुद्दा. नाव, पत्ता, कार्ड विचारतील, ते चालतं, पण त्यासाठी तपासणी लांबवता येत नाही. तपासणी होऊन उपचार सुरू होईपर्यंत हॉस्पिटलने इन्शुरन्स कंपनीकडे मंजुरी मागायचीच नाही असा नियम आहे. मग तुम्ही घरी कशासाठी थांबायचं? ९११ हा तिथला इमर्जन्सी नंबर लावा.

“व्हिजिटरला लागू नाही.” कायद्यात नागरिक हा शब्दच नाही, जो येईल तो पेशंट. फ्लोरिडा आणि टेक्सासमध्ये हॉस्पिटलं इमिग्रेशन स्टेटस विचारतात हे खरं, पण उत्तर दिलं नाही तरी उपचार अडत नाहीत. इंग्रजी जमत नसेल तर दुभाषी मागा, फोनवर मराठी दुभाषीही मिळू शकतो.

“लगेच दुसरीकडे हलवतात.” तब्येत स्थिर नसताना उगाच हलवता येत नाही. तिथे लागणारी सोय नसेल तर डॉक्टरने लिहून द्यायचं की हलवण्यातला धोका फायद्यापेक्षा कमी आहे, समोरच्या हॉस्पिटलने घेतो म्हणायला हवं, कागद आणि योग्य माणसं बरोबर द्यायची. बाळंतपणात तर बाळ आणि वार बाहेर येईपर्यंत बाई स्थिर धरतच नाहीत. नियम मोडला तर हॉस्पिटलला एकेका प्रकरणात लाख डॉलरच्या वर दंड होऊ शकतो, डॉक्टरलाही होतो.

आता उलट बाजूने कुणी म्हणेल की मग सगळं फुकटच की. अजिबात नाही! स्थिर करणं म्हणजे पूर्ण बरं करणं नाही, हात मोडला तर बांधून देतील आणि पुढचं हाडांच्या डॉक्टरकडे बघा म्हणतील. ॲडमिट केलं की या कायद्याचं काम संपतं, पुढे दुसरे नियम लागतात. किरकोळ दुखण्यांसाठीच्या रस्त्यावरच्या स्वतंत्र अर्जंट केअर क्लिनिकला तो बहुतेक लागूच होत नाही, त्यामुळे छातीतलं दुखणं घेऊन तिकडे जाऊ नका. आणि बिल येतं, भलंमोठं येतं, म्हणून व्हिजिटर इन्शुरन्स घ्याच असं मीही सांगते. पण बिल आल्यावरही मार्ग असतात, ना-नफा हॉस्पिटलांना आर्थिक मदतीचं लेखी धोरण ठेवावंच लागतं आणि पहिल्या बिलापासून २४० दिवस अर्ज करता येतो. काही ठिकाणी ही मदत फक्त त्या भागात राहणाऱ्यांनाच देतात, म्हणून बिल हातात आल्याबरोबर बिलिंग ऑफिसला फोन करून विचारा.