क्योकोबाईंच्या मनाचा जमाखर्च

बँकेत चौतीस वर्षे इतरांच्या खात्यांतली तफावत शोधून काढल्यामुळे, माझ्या नजरेतून काही सुटत नाही असा माझा निवृत्तीनंतरही समज होता. पुतणीने वाचायला दिलेल्या पंधरा खंडांनी तो उतरवला. रुमिको ताकाहाशी यांची ‘मेझों इक्कोकू’ ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, १९८० ते १९८७ या काळात जपानमध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. तिची नायिका क्योको ओतोनाशी हिचा जीव नक्की कोणावर जडला आहे, एवढेच मला सांगायचे होते. प्रत्येक खंडानंतर तोंडी परीक्षा होणार होती आणि उत्तर पटले नाही, तर पुढचा खंड मिळणार नव्हता.

पहिल्याच परीक्षेत मी नापास झालो. क्योको ही फार धोरणी बाई असून समोरच्याने प्रश्न विचारण्याआधीच उत्तर देऊन मोकळी होते, असे निरीक्षण मी मोठ्या आत्मविश्वासाने नोंदवले होते. पुतणीने पुस्तक माझ्या हातातून घेतले, या चौकटी उजवीकडून डावीकडे वाचायच्या असतात असे शांतपणे सांगितले आणि ते पहिल्या पानावर उघडून परत दिले.

मग परिस्थिती स्पष्ट झाली. क्योको ही ऐन तारुण्यात विधवा झालेली बाई इक्कोकू-कान नावाच्या एका जुनाट घराची व्यवस्था पाहते आणि त्या घराच्या खोल्या भाड्याने दिलेल्या आहेत. पाच नंबरच्या खोलीत गोदाई नावाचा, प्रवेशपरीक्षेत नापास झालेला मुलगा राहतो. दुसरा उमेदवार मिताका हा टेनिस शिकवतो. तो श्रीमंत आहे, देखणा आहे आणि हसला की त्याचे दात चमकतात. व्यंग म्हणाल तर एकच, कुत्रा दिसला की त्याची गाळण उडते, आणि क्योकोच्या अंगणात तर भलाथोरला पांढरा कुत्रा आहे. माझ्या मुलीसाठी स्थळ पाहायचे असते, तर मी कुत्रा देऊन टाकला असता आणि मिताकाला होकार कळवला असता.

गंमत म्हणजे या मंडळींच्या आडनावांत आकडे दडलेले आहेत. गोदाईत पाच आहे, मिताकात तीन आहे आणि ‘ओतोनाशी’ म्हणजे ज्यात आवाज नाही असे, म्हणून त्या हिशेबात ती शून्य. हे कळल्यावर मला हुरूप आला खरा, पण पाचाला काय किंवा तिनाला काय, शून्याने भागायचे कसे, हे बँकेतही कोणी शिकवले नव्हते.

तरीही मी वही घातली. गोदाई कोझुए नावाच्या मुलीबरोबर दिसला की क्योकोचा चेहरा गोड होतो, बोलणे अतिशय अदबीचे होते आणि अंगणातला झाडू जमिनीवर जरा जास्तच जोरात फिरतो. हे मी गोदाईच्या खात्यावर जमा केले. पुढच्याच प्रकरणात ती मिताकाबरोबर फिरायला गेली, तेव्हा ती नोंद खोडावी लागली. तिला कोणी सरळ विचारले, तर फुग्यात फक्त टिंबे येतात. जपानी चित्रकथांत शांततेलाही ‘शीन’ असा आवाज लिहिण्याची रीत आहे, अशी माहिती पुतणीने पुरवली. ज्या भाषेत गप्प बसणेसुद्धा कानावर पडते, तिथे टिंबांवर व्याज कसे लावायचे?

संबोधनांवरून काही कळेल म्हणावे, तर तिथेही निराशाच पदरी पडली. आपल्याकडे ‘अहो’चे ‘अरे’ झाले की शेजाऱ्यांनासुद्धा अर्थ कळतो. इथे गोदाई वर्षानुवर्षे तिला ‘कान्रिनिन-सान’, म्हणजे व्यवस्थापकबाई, असेच म्हणत राहतो. ‘सोइचिरो-सान’ अशी हाक तिने आयुष्यात दोघांनाच मारली: एक तिचा दिवंगत नवरा आणि दुसरा तो कुत्रा. नवऱ्याने कुत्र्याचे नाव ‘शिरो’ ठेवले होते, पण त्या नावाला तो ओ देईना. नवरा गेल्यावर हिने त्याला नवऱ्याच्याच नावाने हाक मारायला सुरुवात केली.

माझी तफावत तिथे होती. मी तीन आणि पाच यांची बेरीज-वजाबाकी करत बसलो होतो आणि खरा तिसरा कोन पहिल्या खंडापासून अंगणात बांधलेला होता. लेखिकेने त्या नवऱ्याचा चेहरा एकदाही दाखवलेला नाही. चेहराच नाही, त्याच्यावर मात कोण करणार? मिताकाचे लग्न पुढे वेगळीकडेच जमले, तेही एका कुत्रीच्या गर्भारपणाची बातमी कुत्रीच्या मालकिणीची समजून घाईने मागणी घातल्यामुळे. म्हणजे तोही हरला तो गोदाईकडून नव्हे, श्वानकुळाकडूनच. गोदाई मात्र सोइचिरोच्या थडग्यापुढे उभा राहून, तुमच्यासकट मी तिला स्वीकारतो, असे सांगतो आणि क्योको ते ऐकते. त्याने मागणी घातल्यावर ती एकच अट घालते: एका दिवसाने का होईना, माझ्यापेक्षा जास्त जगा. ‘तुम्ही मला आवडता’ हे वाक्य पंधरा खंडांत शोधून मी थकलो होतो आणि ते या अटीच्या वेषात समोर आले.

शेवटच्या परीक्षेत मी हे सर्व सविस्तर सांगितले आणि पुतणीने मला पास केले. मग मी सहज विचारले, “लग्नानंतरही कुत्र्याचे नाव तेच राहते ना? मग रोज संध्याकाळी ती अंगणात ‘सोइचिरो-सान’ अशी हाक मारते, तेव्हा घरात बसलेल्या गोदाईला काय वाटत असेल?”

पुतणीने तोंड उघडले आणि पुन्हा मिटले. आमच्या दिवाणखान्यात बराच वेळ शीन ऐकू येत होते.