डोकी मोजू नका, वाट मोजा

डोंगराळ आणि आदिवासी भागात तीन हजार लोकांमागे एक आरोग्य उपकेंद्र आणि वीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा सरकारी निकष आहे. सपाटीवर हेच आकडे पाच हजार आणि तीस हजार. कागदावर आम्हाला झुकतं माप मिळालेलं आहे, आणि बाहेरची शिकली-सवरलेली माणसं ते मला नेहमी ऐकवतात: "तुम्हाला तर सवलत आहे की!" आज त्या सवलतीचाच हिशोब मांडते.

अमरावती जिल्ह्यातले धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके म्हणजे आमचा मेळघाट. क्षेत्रफळ चार हजार चौरस किलोमीटरच्या घरात. अख्खा गोवा ३,७०२ चौरस किलोमीटरचा आहे, त्याहून हे जास्त. २०११ च्या जनगणनेत दोन्ही तालुके मिळून माणसं तीन लाखांच्या आसपास, म्हणजे एका चौरस किलोमीटरला जेमतेम पंच्याहत्तर. त्याच जनगणनेत राज्याची सरासरी ३६५ होती. आता भागाकार करा. सरासरी दाटीच्या मुलखात तीस हजार लोक साधारण ८२ चौरस किलोमीटरमध्ये सापडतात. आमच्याकडे वीस हजार लोक गोळा करायला साधारण २६७ चौरस किलोमीटर लागतात. उपकेंद्राचंही तसंच. तिकडे चौदा चौरस किलोमीटरला एक, इकडे चाळीसला एक. सवलत धरूनसुद्धा आमच्या नर्सताईच्या वाट्याला तिप्पट मुलूख येतो. आणि तो मुलूख सातपुड्याचा आहे. सिपना, खापरा, खंडू, गाडगा, डोलार या नद्या आणि त्यांना मिळणारे असंख्य नाले. नकाशावर दोन गावांत बोटभर अंतर दिसतं, पण मध्ये दरी असते आणि वाट तीन डोंगरांना वळसा घालून जाते.

मी माहेरची अचलपूरची. लग्न होऊन चिखलदरा तालुक्यातल्या आतल्या गावात आले. घरचा दुधाचा धंदा, म्हशी आहेत, खवा परतवाड्याला जातो. ग्रामपंचायतीची सदस्य आहे, त्यामुळे हे निकष, पत्रव्यवहार, 'आपल्या मागणीचा विचार करता येत नाही' अशी उत्तरं, सगळं हाताखालून जातं. सगळ्या उत्तरांचं मूळ एकच दिसतं. सेवा द्यायची की नाही हे डोकी मोजून ठरतं. डोंगरात आणि जंगलात हे माप चुकीचंच आहे, असं माझं ठाम मत आहे.

एसटीचंच घ्या. संध्याकाळी तालुक्याहून किंवा परतवाड्याहून सुटलेली गाडी रात्री शेवटच्या गावात थांबते आणि पहाटे परत निघते, तिला आपल्याकडे मुक्कामी गाडी म्हणतात. शहरातल्या माणसाला तिची किंमत कळणं कठीण आहे. ड्रायव्हर-कंडक्टर पंचायतीच्या खोलीत नाहीतर गाडीतच अंथरूण टाकतात, कुणाच्या तरी घरून भाकरी-भाजी जाते. पहाटे अंधारात हॉर्न वाजला की गाव हलायला लागतं. ओल्या फडक्यात बांधलेल्या खव्याच्या टोपल्या मागच्या सीटखाली सरकतात. कॉलेजच्या पोरी पुढे बसतात. दवाखान्याची चिठ्ठी मुठीत धरलेला म्हातारा खिडकीशी, बँकेत जायचं म्हणून नवं लुगडं नेसलेली त्याची बायको शेजारी. कुणी कोंबडा घेऊन, कुणी जातीच्या दाखल्याची फाइल घेऊन. ही एक गाडी म्हणजे आमची रुग्णवाहिका, टपाल, बाजार आणि पोरींचं कॉलेज.

आमच्या गावची मुक्कामी मध्यंतरी बंद झाली. कारण विचारलं तर सांगितलं, भारमान बसत नाही. म्हणजे सीटा भरत नाहीत. बरोबर आहे, भरत नव्हत्याच. पण गाडी थांबली तेव्हा काय काय थांबलं, ते कोणत्या रकान्यात भरलं? त्या वर्षी अकरावीला गेलेल्या पोरींपैकी काही घरी बसल्या. त्यातल्या एकीचं पुढच्या उन्हाळ्यात लग्न लावून दिलं. क्षयाच्या औषधासाठी जाणारा एक गडी मध्येच खंड पाडू लागला, कारण जीप भरल्याशिवाय सुटत नाही आणि भरायला कधी कधी दुपार होते. नेहमी फिरकणारा डॉक्टरही गाडी नाही म्हणून कमी येऊ लागला. ठराव, अर्ज, हेलपाटे करून गाडी पुन्हा सुरू झाली, पण एक दिवसाआड. भारमानाच्या तक्त्यात यातलं काहीच दिसत नाही.

शाळेच्या बाबतीत तर कायद्याने एकदा योग्य माप धरलं होतं. शिक्षण हक्क कायद्याखाली पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी. इथं अंतर मोजलं आहे, पोरं नाही. पण शिक्षक देताना गाडी पुन्हा पटावर, म्हणजे पोरांच्या संख्येवर येते. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे कोणत्या शाळेला किती शिक्षक हे ठरवणाऱ्या शासन निर्णयानंतर कमी पटाच्या शाळांमधली पदं आणखी आखडली. आमच्याकडे पट कमी का असतो तेही समजून घ्या. दिवाळीनंतर मजुरीसाठी घरंच्या घरं खाली उतरतात. संत्र्याच्या बागा, वीटभट्ट्या, मध्य प्रदेशातली कापणी. पोरं बरोबर जातात आणि होळीला परत येतात, कारण होळी हा कोरकूंचा, म्हणजे आमच्या इथल्या आदिवासींचा सगळ्यात मोठा सण, त्याला माणूस जिथं असेल तिथून घरी येतो. मधल्या महिन्यांत येऊन कुणी पट मोजला तर शाळा रिकामी दिसणारच. दूरच्या मोठ्या शाळेत सगळ्यांना एकत्र करा, असं जे सुचवतात, त्यांनी सहा वर्षांच्या पोराला श्रावणात एकदा आमच्या नाल्यावरून चालवून आणावं.

रेशनचं सांगते. अंगठा लावायचं मशीन आलं हे चांगलंच झालं, चोरी कमी झाली, मी त्याच्या बाजूची आहे. पण मशीनला रेंज लागते. आमच्या शेजारच्या वस्तीत दुकानदार मशीन घेऊन टेकडीवर चढतो, आणि त्याच्या मागोमाग कार्डवाल्या म्हाताऱ्या. वर जाऊन अंगठा, खाली येऊन धान्य. राबणाऱ्या हातांच्या रेषा आधीच झिजलेल्या, अंगठा उमटत नाही, की पुन्हा चढायचं. टॉवर का नाही? गिऱ्हाईक कमी. पुन्हा डोकीच. जुलै २०२२ मध्ये केंद्राने देशातल्या २४,६८० गावांना फोर-जी पोहोचवायचं मंजूर केलं, तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी मान्य केलं, की जिथं धंदा होत नाही तिथंही संपर्क हा हक्क आहे. काम हळू चाललंय, पण तत्त्व बरोबर आहे.

जिथं जिथं सरकारने वाट मोजली, तिथं काम झालं, हे मी स्वतः बघितलंय. पावसाळ्यात ज्या गावांचा संपर्क तुटतो त्यांची यादी दरवर्षी निघते. त्या गावांना पावसाच्या आधी काही महिन्यांचं धान्य आगाऊ पोहोचवतात. नवसंजीवन योजनेतली ही पद्धत. त्याच काळात कोणत्या बाईचे दिवस भरत आलेत, याची नोंद आशाताईकडे असते आणि तिला आधीच आरोग्य केंद्रातल्या माहेरघरात हलवायचा प्रयत्न होतो. माहेरघर ही कल्पना मला फार आवडते. बाळंतपणाच्या आधी काही दिवस बाईने दवाखान्याशेजारी येऊन राहायचं, जेवण तिथंच. तरी बायका जायला कचरतात, आणि त्यावर शहरातली माणसं 'अज्ञान' असा शिक्का मारतात. माझ्या शेजारणीने मला सरळ विचारलं, "भाभी, मैं गई तो बकरियाँ कौन देखेगा? और दो छोटे हैं घर में." आमच्याकडे कोरकू बाया आमच्याशी हिंदीतच बोलतात. तिचा प्रश्न अज्ञानाचा नव्हता. धाकट्यांना बरोबर ठेवायची सोय आणि सोबत येणाऱ्याची बुडीत मजुरी वेळेवर हातात, एवढं केलं की बाई येते. आमच्या वस्तीत तसं झालं तेव्हा आल्या.

१९९३ साली मेळघाटातल्या बालमृत्यूंनी सगळा महाराष्ट्र हादरला होता. उच्च न्यायालयात कुपोषणावरच्या याचिका अजून चालू आहेत. दर पावसाळ्यात पत्रकार येतात. आणि दर वेळी बैरागडच्या कोल्हे डॉक्टर दाम्पत्याचं उदाहरण देतात. त्या दोघांबद्दल माझ्या मनात जी भावना आहे ती पद्मश्रीने मोजता येणार नाही. पण सेवा म्हणजे कुणीतरी आयुष्य वाहून टाकलं तरच मिळणारी गोष्ट, असं होऊन बसलं तर आम्ही काय करायचं? दर डोंगराआड एक कोल्हे दाम्पत्य कुठून आणायचं? मला साधा डॉक्टर हवाय, ज्याला राहायला गळका नसलेला क्वार्टर आहे, ज्याच्या पोरांना शाळा आहे, ज्याची बदली ठरल्या वेळी होते, आणि जो त्यामुळेच टिकतो.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने जे दाखवलं ते या दृष्टीने फार मोलाचं आहे. दवाखाना दूर आहे ना, मग नवजात बाळाची काळजी घरात न्या. गावातलीच थोडी शिकलेली बाई, तिला प्रशिक्षण, वजनकाटा, थर्मामीटर, श्वास मोजायची रीत, जंतुसंसर्ग ओळखायची रीत. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष आले, आणि २०११ पासून देशभर आशाताई घरी जाऊन तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळ बघतात. हे शहाणपण महाराष्ट्राच्या जंगलातून देशाला गेलं. ते सुचलं कारण तिथं बाळ आणि दवाखाना यांच्यामधली वाट हाच आजार धरला होता.

आता नेहमीचा प्रश्न. "जंगलात राहता कशाला? खाली या." मेळघाट हा १९७४ पासूनचा व्याघ्र प्रकल्प, राज्यातला पहिला. वाघ मला हवा आहे, जंगल मला हवं आहे, आमच्या नद्या त्याच्यामुळेच उन्हाळ्यात जिवंत राहतात. गाभा क्षेत्रातली, म्हणजे वाघासाठी राखलेल्या आतल्या जंगलातली कित्येक गावं खाली बसवली गेली, कुटुंबामागे दहा लाख, २०२१ नंतर पंधरा लाख रुपये. ज्यांना खरोखर जायचं होतं ती गेली, काहींचं बरं झालं. पण काही कुटुंबं २०१९ च्या जानेवारीत मूळ गावी परत आली आणि तिथं मोठा संघर्ष झाला. कबूल केलेल्या सोयी मिळाल्या नाहीत, हे त्यांचं म्हणणं होतं. गाव हलवलं तरी डोकी मोजायची सवय हलत नाही, असाच याचा अर्थ मी घेते. आणि सगळे डोंगर रिकामे करणं हा काही सेवा देण्याचा मार्ग नव्हे.

"वनविभाग परवानगी देत नाही" हे उत्तर आम्हाला सगळ्यात जास्त मिळतं. म्हणून एक गोष्ट प्रत्येक जंगलगावच्या माणसाने पाठ करावी. २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ३(२). शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, वीज आणि दूरध्वनीच्या तारा, तळी, पिण्याच्या पाण्याच्या पाइपलाइनी, पाणी साठवण, लहान पाटचारे, अपारंपरिक ऊर्जा, कौशल्य केंद्र, रस्ते, समाजमंदिर. या तेरा प्रकारच्या कामांसाठी वनजमीन देता येते. अट एवढीच की प्रत्येक कामाला एक हेक्टरहून कमी जमीन, हेक्टरी पंच्याहत्तरपेक्षा जास्त झाडं तुटणार नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस. यासाठी दिल्लीला फाइल जावी लागत नाही, उपवनसंरक्षकांच्या पातळीवर काम होतं. गाभा क्षेत्राचा प्रश्न वेगळा, तिथं वन्यजीव कायदाही लागतो. पण बाहेरच्या कितीतरी गावांत ग्रामसभेचा ठरावच कुणी घेतलेला नसतो, आणि दोष मात्र वर्षानुवर्षं जंगलावर जातो.

तर माझी मागणी सोपी आहे. डोंगरी तालुक्यांत उपकेंद्र, गाडी, शिक्षक, टॉवर, रस्ता, सगळ्याला वेळेचा निकष लावा. ही कल्पना माझी नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या आराखड्यात डोंगराळ भागासाठी पायी अर्ध्या तासात उपकेंद्र, असा वेळेचा विचार मांडलेला आहे. तो फक्त आरोग्यापुरता ठेवू नका आणि कागदावर तर अजिबात ठेवू नका. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतसुद्धा आमच्यासाठी पाचशेऐवजी अडीचशे वस्तीची सवलत होती. पण एकशे ऐंशी माणसांच्या वस्तीतल्या बाईला कळा आल्या तर तिने काय अजून सत्तर माणसं गोळा करायची?

आमच्या ग्रामसभेत येत्या २ ऑक्टोबरला मी एक तक्ता मांडणार आहे. आशाताई, अंगणवाडीताई आणि शाळेतली मोठी पोरं मिळून तो भरतायत. नंदुरबारचे, जव्हार-मोखाड्याचे, भामरागडचे, वेल्ह्याचे कुणी हे वाचत असतील तर त्यांनीही आपापल्या गावात भरावा. रकाने असे: वस्तीचं नाव, उपकेंद्रापर्यंत उन्हाळ्यात पायी किती वेळ, पावसाळ्यात किती वेळ, वाटेत पूल नसलेले नाले किती, शेवटची गाडी किती वाजता, फोनला रेंज घराजवळ की टेकडीवर, मागच्या पावसाळ्यात वाट किती दिवस बंद होती. तक्ता ठरावाला जोडा, ठराव आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाला आणि जिल्हाधिकाऱ्यांना द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.