कॅनडातले ७,००० डॉलर विद्यार्थ्याच्या खात्यात येत नाहीत

‘को-ऑप कोर्सला प्रवेश घ्या, कॅनडा सरकार ७,००० डॉलर देतं’ असा मेसेज पालकांच्या ग्रुपवर फिरतो आहे. को-ऑप म्हणजे शिक्षणाचाच भाग म्हणून कंपनीत पगारी काम करणं. या मेसेजवर विसंबून शैक्षणिक कर्जाचं गणित मांडू नका.

मेसेजमधला आकडा २०१७ साली सुरू झालेल्या स्टुडंट वर्क प्लेसमेंट प्रोग्रामचा आहे. हे अनुदान कंपनीला मिळतं, तेही विद्यार्थ्याला दिलेल्या पगाराच्या ५० टक्के, कमाल ५,००० डॉलर. पगार ८,००० असेल तर ४,०००; १४,००० असेल तर निम्मे ७,००० होतात, पण हातात ५,०००च. पहिल्या वर्षाचे विद्यार्थी, अपंग, मूलनिवासी अशा ठरावीक गटांसाठी ७० टक्के, कमाल ७,०००. अर्जही कंपनीच करते आणि पगाराच्या पावत्या दाखवल्यावर परतावा घेते.

मुख्य अट मेसेजमध्ये नेमकी गाळली आहे: विद्यार्थी कॅनडाचा नागरिक, कायम रहिवासी किंवा संरक्षित निर्वासित हवा. स्टडी परमिटवर गेलेली पुण्या-नाशिकची मुलं यात बसतच नाहीत. त्यांना को-ऑप करता येतं, पगारही मिळतो. फक्त त्यांच्यापोटी कंपनीला हे अनुदान मिळत नाही. त्यामुळे कंपन्यांच्या काही को-ऑप नोकऱ्यांच्या जाहिरातींत ‘अनुदानास पात्र उमेदवारच’ अशी अट दिसते. एजंट ही रक्कम फीमधून वळती करून दाखवत असेल, तर तो हिशेब चुकीचा आहे.