जुने दर आणि ‘फुकटचं’ होस्टिंग: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार भाऊ,

एकच तारा दिलात, असो. तुमचं म्हणणं असं की तुमच्या होमस्टेचे डिसेंबरचे दर बदलायला सांगूनही आम्ही बांधलेल्या साइटवर पावसाळ्यातलेच दिसतात, त्याच दरात एका गिऱ्हाइकाने नाताळाची खोली मागितली, आणि क्लाउडफ्लेअर (साइट इंटरनेटवर ठेवायची, म्हणजे होस्टिंगची सेवा) फुकट असताना आम्ही तुमच्याकडून पैसे उकळले.

आधी दरांचं. तुम्ही जोडलेल्या स्क्रीनशॉटमध्ये वरचा पत्ता वाचा. सुरुवातीला अगम्य अक्षरं-आकडे आणि शेवटी ‘पेजेस डॉट डेव्ह’. ती तुमची साइट नव्हे, मंजुरीसाठी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली ट्रायलची लिंक आहे. क्लाउडफ्लेअर पेजेसवर साइट चढवली की दर खेपेला त्या आवृत्तीला स्वतंत्र पत्ता मिळतो आणि तिथलं पान पुढे बदलत नाही. ही सोयच आहे, जुनी आवृत्ती शाबूत राहते म्हणून काही बिघडलं तर लगेच मागे जाता येतं. नवे दर तुमच्या डोमेनवर, म्हणजे साइटच्या खऱ्या पत्त्यावर आहेत, आत्ताच मोबाइलवर उघडून पाहिले. पण तुमच्या इन्स्टाग्रामवर अजून ट्रायलचीच लिंक आहे. गिऱ्हाईक तिथूनच आलं असणार. ती आजच्या आज बदला. (‘ही फक्त तुम्हाला बघायला’ असं लिंकखाली लिहिलं होतं, चॅट वर सरकवून बघा.)

होस्टिंग फुकट आहे, हे खरंच. म्हणून तर बिलात त्याची ओळच नाही! पैसे घेतले ते मांद्र्याला येऊन काढलेल्या फोटोंचे, मजकुराचे आणि पानं बांधण्याचे. तुमची साइट म्हणजे तयार फाइली. डेटाबेस नाही, पीएचपी (सर्व्हरवर पान तयार करणारी भाषा) नाही. या फाइली साइट पाहणाऱ्याला जवळच्या सर्व्हरवरून मिळतात, दिल्लीवाल्याला गोव्यापर्यंत यावं लागत नाही. फुकटाला मर्यादाही आहेत: महिन्याला ५०० बिल्ड (बदल केल्यावर साइट नव्याने तयार करणं), एक फाइल जास्तीत जास्त २५ एमबी. तुमचा ड्रोनचा व्हिडिओ त्यात मावेना, म्हणून यूट्यूबवरून जोडलाय.

दर स्वतःला बदलता येत नाहीत, ही तक्रार मात्र रास्त आहे. दर गूगल शीटमध्ये ठेवून तिथूनच नवी बिल्ड सुरू करायची सोय होऊ शकते. काम वेगळं, पैसेही वेगळे. हवी असेल तर दिवाळीच्या आत कळवा, एकदा हंगाम लागला की आमच्याकडे होमस्टेवाल्यांची रीघ असते.