विज्ञानकादंबरी सुचवायची कशी? (अर्थात न वाचता)

मिसळीच्या टेबलावर कुणी "एखादं चांगलं पुस्तक सांगा ना" म्हणालं तर गडबडू नका. एच. जी. वेल्सची 'टाइम मशीन' ठोकून द्या. १८९५ सालची, म्हणजे अभिजात; विज्ञानाची, म्हणजे तुम्ही हुशार.

वाचायच्या भानगडीत मात्र पडू नका. पुस्तक छोटंसं आहे, रविवारच्या दुपारची झोप मोडली तर संपेलही, आणि धोका तिथेच आहे. वाचलेला माणूस गोष्ट सांगत बसतो. न वाचलेला "जबरदस्त व्हिजन!" एवढंच म्हणून रस्सा मागवतो, आणि छाप त्याचीच पडते.

नायक इ. स. ८०२७०१ मध्ये पोचतो, हा आकडा तेवढा पाठ करा. पुढचं नकोच. पुढे माणसाच्या दोन जाती झालेल्या आहेत. वर उन्हात इलॉय : नाजूक, गोड, फळं खाऊन बागडणारे, कामाचं नाव नाही. खाली अंधारात यंत्रं चालवणारे मॉरलॉक. एकेकाळचे मालक आणि कामगार, वेगवेगळे राहता राहता या थराला आलेले. रात्री मॉरलॉक वर येतात ते जेवायला. आणि जेवणात इलॉयच. आता हे तुम्ही सांगायला जाल, आणि शेजारच्या टेबलावर अंबडच्या कारखान्यातली तिसरी पाळी करून आलेला कुणी पाव मोडत ऐकत असेल. तो गंगापूर रोडच्या वाइनरीचे फोटो दाखवणाऱ्या आपल्या मंडळींकडे एकदा नीट बघून घेईल. कशाला उगाच?

त्यापेक्षा गाडी पुराणांवर न्या. "यात नवीन काय? रैवत राजा लेकीसाठी स्थळ विचारायला ब्रह्मदेवाकडे गेला, तिथलं गाणं संपेपर्यंत थांबला, तोवर खाली युगं उलटली!" गोष्ट खरंच सुंदर आहे हो. पण तीही मुळातून वाचू नका. सकाळच्या फॉरवर्डमध्ये आली तेवढी पुरे.

"मराठीत काही?" असं विचारलं तर जयंत नारळीकर. २०२१च्या आपल्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष! तब्येतीमुळे ते येऊ शकले नव्हते, पण आपण गेलो होतो, जेवणाची रांग अजून आठवते. या गृहस्थांनी पहिली विज्ञानकथा स्पर्धेला पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावानं. का, तर परीक्षकांनी नाव न बघता गोष्ट बघावी. काय हा भाबडेपणा! आपण नाव सुचवतो, ते बघितलं की झालं. गोष्ट बघायला वेळ कुणाला आहे?

आणि हो, घरात प्रत ठेवू नका, लोक मागतात. सरळ सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, बघा म्हणावं. १८४०पासून वाचनालय उभं आहे, विचारणारा काही तिथवर जात नाही.

माझ्याकडे नारळीकरांची 'वामन परत न आला' होती. सिडकोतला एक मित्र "चार दिवसांत आणून देतो" म्हणून घेऊन गेला. पाच वर्षं झाली. परवा भेटला तेव्हा त्यानं मला तीच सुचवली.

"वाचच एकदा. जबरदस्त व्हिजन!"