भूक मोजायची तर माणसाला विचारा

घरात अन्न पुरतंय का, हे सरकारला कसं कळणार? धान्याचं उत्पादन मोजून तर नाहीच. गोदामं ओसंडून वाहत असतात, आणि त्याच वेळी कुणाच्या तरी घरातले डबे रिकामे असतात. म्हणून ‘सरळ घरच्यांनाच विचारा’ असं ज्यांना पहिल्यांदा सुचलं, त्यांचं मला मनापासून कौतुक वाटतं.

अमेरिकेने 1995 पासून दरवर्षी हे विचारायला सुरुवात केली. मुलं असलेल्या घराला 18 प्रश्न, नसलेल्या घराला 10. पुढे 2014 पासून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने आठच प्रश्न घेऊन जगभर विचारणा चालू केली. ते प्रश्न एकदा वाचाच. पहिला प्रश्न पोटाचा नाही, काळजीचा आहे : पैशाअभावी अन्न पुरणार नाही अशी धास्ती वाटली का? मग पौष्टिक खाणं परवडेनासं झालं का, तेच ते मोजके पदार्थ खावे लागले का, एखाद्या वेळचं जेवण चुकवलं का... आणि सगळ्यात शेवटी, अख्खा दिवस उपाशी काढलात का. टंचाई घरात शिरते ती याच क्रमाने. फक्त शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणारे मोजले, की आकडा छान छोटा दिसतो. सरकारांना तो आवडतोही.

‘लोक फुकट मिळेल म्हणून खोटं सांगतील’ असं म्हणणारे भेटतात. मला उलटीच भीती वाटते. शेजारीण कान देऊन उभी असताना दारातल्या परक्या माणसाला ‘काल आम्ही जेवलो नाही’ असं कोण सांगेल? शिवाय घराचं उत्तर एकच जण देतो. आई सगळ्यांना वाढून ‘माझं मघाशीच झालं’ म्हणते, आणि बाकीच्यांना ते खरंच वाटतं.

बरं, मोजून उपयोग काय? 2021 च्या उत्तरार्धात अमेरिकेने मुलं असलेल्या बहुतेक कुटुंबांना दरमहा थेट पैसे दिले. अशा घरांतली अन्न-असुरक्षितता, म्हणजे पैशाअभावी पुरेशा अन्नाची खात्री नसलेल्या घरांचं प्रमाण, 2020 मध्ये 14.8 टक्के होती, ती 12.5 वर आली. पैसे बंद झाले आणि 2022 मध्ये ती 17.3 वर गेली. महागाईही होतीच, सगळं खापर एकाच गोष्टीवर फोडता येणार नाही. तरी माझं मत पक्कं आहे : हा प्रश्न आधी पैशाचा आहे, अन्नाचा नंतर. आणि हे बोलायला आकडे हाताशी आहेत, ते दरवर्षी विचारलं गेलं म्हणून.

त्याच अमेरिकेच्या कृषी खात्याने सप्टेंबर 2025 मध्ये या विचारणेचा वार्षिक अहवालच बंद करत असल्याचं जाहीर केलं. कारण काय, तर तो खर्चिक आणि अनावश्यक आहे म्हणे! ताप आला म्हणून थर्मामीटर फेकून देण्यातला प्रकार.

भुकेवरची नजरच काढून घेतली की काय होतं, ते ब्राझीलने आधीच करून पाहिलंय. 2014 मध्ये तो देश संयुक्त राष्ट्रांच्या भूक-नकाशातून, म्हणजे जास्त उपासमार असलेल्या देशांच्या यादीतून, बाहेर पडला होता. 1 जानेवारी 2019 ला नव्या सरकारने सत्तेवर येताच, पहिल्याच दिवशी, सरकारला अन्नधोरणावर सल्ला देणारी आणि त्यावर लक्ष ठेवणारी अन्नसुरक्षेची राष्ट्रीय परिषद मोडीत काढली. पुढे महामारीत संशोधकांच्या एका गटाने स्वतः घरोघरी सर्वेक्षण केलं. 2020 च्या अखेरीस 1.9 कोटी लोक उपाशी आढळले, 2022 मध्ये 3.3 कोटी. परिषद 2023 मध्ये परत आली, गरीब कुटुंबांना थेट पैसे देणारी योजनाही नव्याने उभी राहिली, आणि 2025 मध्ये देश पुन्हा त्या नकाशाबाहेर आला.